शेळ्यांच्या कानांची सुधारणा

४ नोव्हेंबर १९६८
वाडीत आजपासून मॉडर्न सिस्टिम. शेळी सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने भोरहून पत्र्याचे नंबरवाले बिल्ले आणि ते कानात ठोकायचा चिमटा आणला. इथे प्रत्येक घर शेळीचा कान आपापल्या तऱ्हेने कापतं. कुणाची खाच, कुणाची चीर. रानटी कारभार! चेअरमन कोंडिबा म्हणाले, जो आपणहून शेळी आणेल त्याचीच खूण बदल. बरं म्हणालो.

९ नोव्हेंबर
कुणीही फिरकलं नाही. माझी आत्या कोंडाबाई तर भांडायलाच उठली. तिला दिसत नाही, कान चाचपून शेळी ओळखते. म्हणे, कानाला हात लावायच्या आदी मला इचार. आता विचारणं बंद.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ
फत्ते! लस टोचायला सगळ्या शेळ्या एकाच कुंपणात होत्या. सरसकट बिल्ले ठोकले. खाचेवर बिल्ला बसेना, मग कान कातरून सरळ केले. रक्त आलं थोडं. लशीने शेळ्या बोंबलतच होत्या, कुंपणाबाहेर मालकांना पत्ताच नाही. एका बोकडाने मांडीत शिंग घातलं. सुधारणेला विरोध व्हायचाच.

१३ नोव्हेंबर
कुठला नंबर कुणाचा, सगळं माझ्या डोक्यात. त्यामुळे अख्खी वाडी दारात. मान वाढला. आपली शेळी सापडेना म्हणून शेजारच्या गेणूने माझ्या डोक्यातच काठी घातली. काही नंबर विसरलो. आत्याने विचारलं, इचारलं का न्हाईस? म्हणालो, विचारलं की तू नाही म्हणतेस.

२० नोव्हेंबर
शेळ्या करवंदीच्या जाळीत शिरल्या. बिल्ले तुटले, कान फाटले. जुनी खूण गेली, नंबरही गेला. चूक करवंदीची.

२१ नोव्हेंबर
एका शेळीवरून गेणू आणि त्याचा शेजारी बाजी भिडले. गेणूचे पुढचे दात पडले, बाजीचं बोट कोयत्याने गेलं. ओढाताणीत शेळी मेली. आत्या तिचे फाटके कान चाचपत बसली. म्हणाली, ही माजी असंल. पुरावा काय, मी विचारलं. रडायला लागली. मला वाईट वाटलं, पण सिस्टिमला इलाज नाही.

२३ नोव्हेंबर, भोरचा दवाखाना
काल वाडीने लशीच्या त्याच कुंपणात मला आडवं पाडलं. गेणू छातीवर बसला, बाजीने पाय धरले. दोघांची दिलजमाई अखेर माझ्यामुळेच झाली. आत्याने चाचपत माझा कान शोधला आणि चिमटा दाबला. मी किंचाळलो, अगं निदान विचार तरी! ती शांतपणे म्हणाली, इचारलं की तू न्हाई म्हनशील.

बिल्ला निघत नाही. डॉक्टर कान कातरून सरळ करणार आहेत. मला कुणी विचारलेलं नाही.