पान एकसष्टवरचा गळ

सेंट हेलेन्स, टास्मानिया
६ मे २०२५

प्रिय टेगन,

तू आणि ऑलिव्ह दोघी बऱ्या असाल असं धरून चालते. माझं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, शेकोटी धूर ओकते, आणि शेजारचा क्लेम बर्बरी रोज सकाळी कुंपणापाशी येऊन मला हवामान सांगतो, जशा काही मला खिडक्याच नाहीत. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र फाडायचं झालं तरी ते हातात घ्यावं लागतं.

घाबरू नकोस, जुनं काही उकरून काढणार नाही. पुस्तकांबद्दल लिहिते आहे. गेल्या हिवाळ्यापासून मी फँटसी वाचते. हसलीस ना? कॅलमच्या हातात असली पुस्तकं दिसली की मीच म्हणायची, टेगनशी लग्न झालं, ऑलिव्ह झाली, आता तरी ड्रॅगन सोड. माझा मुलगा ऐकून घ्यायचा आणि पान उलटायचा.

पहिली कादंबरी घेतली ती तीन भागांची, उशाला घेता येईल एवढी जाड. सुरुवातीला नकाशा. सहाशे पानं झाली तरी मंडळी डोंगरापर्यंत पोचत नाहीत. वाटेत प्रत्येक खानावळीत थांबतात, आणि काय जेवले ते सगळं लिहिलंय. नावं तर अशी, की उच्चारताना दातांची कवळी सांभाळावी लागते. मी सरळ त्यांना आपल्या गल्लीतली नावं दिली. सेनापती म्हणजे क्लेम. त्यातला ड्रॅगन मात्र मनापासून आवडला. म्हातारा, एका डोळ्याने अधू, कोणाशी धड बोलत नाही, पण अडचणीला धावतो. लेखकाने त्याला दुसऱ्या भागात मारलं. तिसरा भाग मी रागारागाने वाचला.

मग एक चित्रकादंबरी. लोकांच्या फाटक्या सावल्या शिवून देणारी मुलगी असते, तिची गोष्ट. चाळून पाहते तर आत अक्षर नाही. मी थेट लायब्ररीत रॉस्लिनपुढे नेऊन आपटली. म्हटलं, "यातले शब्द छापायचे राहिलेत."

रॉस्लिन चष्म्यावरून म्हणाली, "नोलीन, चित्रं वाच."

"वाचली. दहा मिनिटांत संपली."

"मग परत वाच. यावेळी चहा पिता पिता नको."

परत वाचली. एका पानावर ती मुलगी बापाचे गमबूट धुऊन उलटे ठेवते, एवढंच आहे. त्या पानावर मी एक अख्खी दुपार घालवली. सही पुस्तक आहे, मिळालं तर ऑलिव्हला दे.

तिसरं मला पटलं नाही. एक राणी मुलाला बर्फापलीकडे दिवा आणायला पाठवते. धुकं पडलेलं असतं, मुलगा परत येत नाही. राणीची सून म्हणे चेटकीण, म्हणून सगळं तिच्या माथी. शेवटी राणी सिंहासनावर बसून रडते आणि लोक तिला क्षमा करतात. अरे, पण कसली? तिला कोणी विचारलंच नाही की बाई, दिवा एवढा कशाला हवा होता? लेखिकेने तिला फार स्वस्तात सोडलं. मी दोनशेव्या पानावर पुस्तक मिटून ठेवलं, असं तुला लिहिणार होते, पण ते खोटं आहे. शेवटपर्यंत वाचलं, दोनदा.

कोणतं वाचायचं हे मी कसं ठरवते, तर इथल्या जुन्या वाचकांची रीत तुला ठाऊक आहे. एकदा वाचलेलं पुस्तक चुकून परत घरी येऊ नये म्हणून प्रत्येक जण पेन्सिलीने आपली खूण करून ठेवतो. क्लेम पान सत्तावीसच्या आकड्याभोवती गोल काढतो. माझं चाळीसच्या खाली टिंब. कॅलम मासेमाराचा पोरगा, त्याने नऊ वर्षांचा असल्यापासून पान एकसष्टवर गळ काढला, नखाएवढा. मी फँटसीच्या फळीवरचं एकेक पुस्तक एकसष्टवर उघडते. गळ असला की घरी आणते. तीन वर्षं चार महिने झाले त्याला जाऊन. या पुस्तकांत तरी तो आधी जाऊन आलेला असतो.

एक गोष्ट विचारायची होती. पण टपाल निघायची वेळ झाली, राहू दे.

नोलीन


३ जून

प्रिय टेगन,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, तेवढ्यावर दुसरं लिहिते आहे. ऑलिव्हचा सर्दी-खोकला कसा आहे? तिला तो दर जूनच्या थंडीत होतोच.

मागच्या वेळी गिळलेली गोष्ट आज लिहिते. मार्चमध्ये रॉस्लिनने फळीवर एक कोरी चित्रकादंबरी ठेवली. समुद्राखाली गेलेल्या गावाची गोष्ट, गावातली माणसं खालीही बाजार भरवतात, भांडतात, लग्नं लावतात. चित्रं इतकी हिरवी, की वाचताना कानात पाणी गेल्यासारखं वाटतं. मध्ये थोडी रेंगाळते, पण लेखकाने मेलेल्यांना शहाणं केलेलं नाही, ते मला आवडलं. जितेपणी जेवढे हट्टी, तेवढेच.

शेवटून तिसऱ्या पानावर गळ होता.

चित्रकादंबरीला पानांचे आकडे नसतात, म्हणून तो तिथे शेवटून तिसऱ्या पानावर काढायचा. हे त्याने कोणाला सांगितलेलं नाही. मी पुस्तक मागेपुढे करून छापल्याचं साल पाहिलं. गेल्या वर्षीचं. टेगन, तो गेल्यावर दोन वर्षांनी छापलेलं.

मी ते साल बोटाने पुसून पाहिलं. रॉस्लिन म्हणाली, "रंग का उडाला तुझा? पाणी देऊ?" मी म्हटलं, कथा भारी आहे.

तेव्हापासून मी शहाणी राहिलेली नाही. त्याला आवडली असती अशी नवी पुस्तकं मी राज्यभरच्या लायब्ररींतून मागवते. अकरा आली. सातांमध्ये गळ. मी मंगळवार आणि शुक्रवार लायब्ररीत दाराकडे तोंड करून बसते. कोणी पुरुष टोपी काढत आत आला की मी उठून उभी राहते. परवा एकाच्या मागे मी बेकरीपर्यंत गेले. तो बिचारा मेलबर्नचा पर्यटक निघाला, त्याने मला मटण-पॅटिस देऊ केलं. मी प्रत्येक गळाशेजारी माझं टिंब देते, आणि पुस्तक परत करताना मनात म्हणते, हे पाहशील तेव्हा ये. देह मिळालाच नव्हता. होडी मिळाली, एक बूट मिळाला. बुटावरून माणूस मेला असं कुठे असतं?

धक्क्यावरच्या स्मारकावर, समुद्रात गेलेल्यांच्या नावांत, त्याचं नाव घालायला समिती दरवर्षी विचारते. क्लेम समितीवर आहे. यंदा तो हवामान न सांगता दारात आला आणि नावाचंच विचारलं. मी म्हटलं, "अजून नाही." तो म्हणाला, "नोलीन, किती वर्षं त्या पोराला बाहेर उभं ठेवणार?" मी त्याच्या तोंडावर दार लावलं.

पण मी वेडी असले तरी मूर्ख नाही. गळ असलेली सगळी पुस्तकं होबार्टच्या लायब्ररीतून आलेली आहेत. तू होबार्टला आहेस. आणि शेवटून तिसरं पान मला माहीत होतं, तसं त्याच्या शेजारी बसून वाचणाऱ्या बाईलाही माहीत असणार.

म्हणून विचारते. तो गळ तू काढतेस का?

विचार करून उत्तर दे. "हो" म्हणालीस तर मला मुलगा उरत नाही. "नाही" म्हणालीस तर मी इथून उठून त्याला शोधायला निघेन, आणि या वयात कुठे कुठे जाईन देव जाणे. माझा तुझ्यावर हक्क नाही हे कळतं. पोलिसांना तुमच्या त्या सकाळच्या भांडणाचं मीच सांगितलं होतं, त्यानंतर गावाने तुझ्याशी कसं वागावं हे कोणाला शिकवायला लागलं नाही. भांडण झालं होतं, मी खोटं बोलले नाही. एवढं मात्र खरं की, मी तिथेच थांबले.

नोलीन


२४ जून

प्रिय टेगन,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. दुपारपर्यंत फोडलं नाही, आधी भांडी घासली, मग शेकोटीची राख काढली. मग पहिली ओळ वाचली: "हो, मीच काढते."

त्याने वाचली असती अशी पुस्तकं तू शोधून वाचतेस, आणि संपलं की त्याच्या नावाने गळ काढतेस, म्हणजे तेवढं तरी त्याचं वाचायचं राहू नये. मला हे सुचलं नसतं. मी त्याची जुनी पुस्तकं वाचत बसले आणि तू त्याला नवी वाचून दाखवत होतीस. माझी टिंबं तुला दिसली होती, आणि एप्रिलपासून तू गळ जरा ठसठशीत काढायला लागलीस, हे वाचल्यावर मी स्वयंपाकघरात मोठ्याने रडले. क्लेमने कुंपणावरून हाक मारली. मी त्याला आत घेतलं, चहा दिला, आणि नाव घाला म्हटलं. तो "बरं" म्हणाला आणि बराच वेळ साखर ढवळत बसला.

तर कॅलम गेला. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

तू मला शाळेच्या सुट्टीत बोलावलं आहेस. ऑलिव्हची खोली देतेस, बसच्या वेळाही लिहून पाठवल्यास. तू एवढं केलंस म्हणून मला पुढचं लिहिणं भाग आहे. तू लिहिलं आहेस, "मी त्या सकाळी त्याला घालूनपाडून बोलले नसते तर तो त्या लाटांत गेला नसता. मी स्वतःला कधी माफ केलं नाही." आणि ऑलिव्ह शाळेत म्हणाली, आई ओरडली म्हणून बाबा समुद्रात गेला. सात वर्षांची पोर ती. हे तिने कुठून उचललं, तुला आणि मला दोघींनाही ठाऊक आहे.

ऐक. तुमच्याकडून निघाल्यावर तो माझ्याकडे आला होता. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, क्लेमला नाही, कोणालाच नाही. या टेबलाशी बसला, टोस्ट खाल्ला. रागात नव्हता. म्हणाला, "चूक माझीच होती, आई. गॅरेज आवरायचं मी तिला तीन वेळा कबूल केलं होतं. अर्धा तास बसतो, म्हणजे ती निवळेल, मग जाऊन सॉरी म्हणतो." तुझ्यासाठी त्याने माझ्या मागच्या दारचे गुलाब तोडले, चार. ते ओल्या कागदात गुंडाळून सिंकमध्ये ठेवले होते.

येत्या रविवारी माझ्याकडे बोलिंग क्लबच्या बायका जेवायला यायच्या होत्या. मी म्हटलं, "जायच्या आधी तुझा समुद्रातला लॉबस्टरचा पिंजरा उचलून आण, मला एक शेवंड हवा."

तो म्हणाला, "खाडीच्या तोंडाशी लाट मोठी आहे. उद्या पाहू."

मी म्हटलं, "तुझा बाप याहून मोठ्या लाटेत जायचा. बायकोने बरंच मऊ करून ठेवलंय तुला."

तो हसला, टेगन. होडीची किल्ली घेतली आणि म्हणाला, "बरं बाई, तुझा शेवंड."

एका शेवंडासाठी. जानेवारीतलं एक साधं जेवण, बायका चिकनवरही खूश झाल्या असत्या. संध्याकाळी पोलीस दारात आले तेव्हा त्यांनी विचारलं, अशा समुद्रात तो का गेला असेल. तोंड उघडलं तर तुझं भांडण बाहेर आलं, आणि मग मला बाकीचं कधी सांगावंच लागलं नाही. गुलाब मी दुसऱ्या दिवशी शेकोटीत घातले.

बसचं तिकीट मी काढलेलं नाही. हे वाचून तू येऊ नको म्हणालीस तर मी तक्रार करणार नाही, मला क्षमा करण्याची घाईही करू नकोस. पण आज ऑलिव्ह शाळेतून आली की तिला समोर बसवून सांग, तिचा बाबा तिच्या आईवर रागावून गेला नव्हता. तो घरीच निघाला होता.

त्याला वाटेत अडवणारी,
नोलीन