देवास गेटचं पत्रिकेचं मशीन

४ मार्च १९९३, संध्याकाळ
कॉलेजात असताना विज्ञानकथा फार वाचायचो. त्यात सन २०५० मध्ये यंत्रं माणसाचं भविष्य सांगायची. आमच्या उज्जैनात, देवास गेटला असं मशीन कालच सुरू झालं. बोर्ड आहे, ‘कम्प्यूटर कुंडली, पाँच मिनट में’. सत्तावन्न वर्षं आधीच. लेखकांना गणित येत नाही, दुसरं काय. मला भीती वगैरे नाही. जेवण गेलं नाही ते उन्हामुळे.

७ मार्च
आज माझ्याकडे पत्रिका दाखवायला दोघंच आले. त्यातला एक पत्ता विचारायला आला होता. देवास गेटचा.
निश्चय: मशीनची चूक पकडायची. आमच्या मधुराची पत्रिका देणार. मीच केलेली, तोंडपाठ आहे. चौथ्या घरात कडक मंगळ. त्यापायी अकरा स्थळं मीच परत पाठवली. पोरगी चौतीस वर्षांची झाली, शाळेत शिकवते. असला मंगळ मशीनला पेलणार नाही.

९ मार्च
गेलो नाही. गुडघा.

१० मार्च
गेलो नाही. शेजारचा विलास येऊन बसला. त्याच्या बँकेतही कॉम्प्युटर येतोय, बिचाऱ्याची झोप उडाली आहे. त्याला धीर दिला. माझ्या चहात साखर दोनदा पडली, पण चमचाच लहान होता.

१४ मार्च, रविवार
ओळख पटू नये म्हणून मफलर गुंडाळून गेलो. दुकानदार माणिक म्हणाला, “आओ तात्याजी, कब से राह देख रहा हूँ.” जन्मतारीख, वेळ, गाव विचारलं. गाव बिलासपूर, बायकोचं पहिलं बाळंतपण माहेरी. कागद बाहेर आला. मंगळ तिसऱ्या घरात. म्हणजे मुलीला मंगळ नाहीच.
मशीन चुकलं. मी जिंकलो. घरी येताच पंचांग काढलं.

१८ मार्च
पाच वेळा गणित केलं. चार वेळा माझंच बरोबर आलं. पाचव्यांदा दिसलं, सूर्योदय उज्जैनचा धरलाय. सवयीनं. बिलासपूरला सूर्य पंचवीस मिनिटं आधी उगवतो.
आता भीती वाटते. मशीनची नाही. मधुराची.

२३ मार्च
आज सांगणार होतो. पण अमावस्या. अमावस्येला चांगली बातमी सांगू नये.

२४ मार्च
पाडवा. सणाच्या दिवशी वाईट बातमी सांगू नये.

२६ मार्च
सांगितलं. म्हणजे सुरुवात केली. मधुरा वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, “बाबा, मला माहीत आहे. दुकान खुललं त्याच हफ्त्यात मी काढवून आणली.”
मग बोलली का नाहीस, मी विचारलं.
“तुम्ही आधीच इतके घाबरलेले होते. त्यात हे कसं सांगणार?”
मी घाबरलो नव्हतो, असं तिला ठणकावून सांगणार होतो. तिने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि पुढची वही उघडली.