नमाजला वीस मिनिटं होती

बाबा, तुम्ही माझा माइक बंद केलात तेव्हा नमाजला अजून वीस मिनिटं होती. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं, ते राहूनच गेलं.

रियाधमधली आपली मराठी मंडळी एखाद्या शुक्रवारी अल सुलैकडे उंच भिंतींची इस्तिराहा, म्हणजे सहलीसाठीचं फार्महाऊस, भाड्याने घ्यायची, गाणंबजावणं बाहेर जाऊ नये म्हणून. अजान व्हायच्या आत सगळं बंद करायचं, आणि वेळेवर लक्ष ठेवायचं काम तुमचं, कारण तुम्ही बँकेतले. मी दहावीत होते. लंडनच्या एका गायिकेची सीडी मैत्रिणीने दिली होती आणि तीन महिने मी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. जेमतेम विशीतली गोरी पोरगी, पण आवाज अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या चर्चमधून आल्यासारखा, खरखरीत आणि भरलेला. त्या वर्षांत तिकडे अशा बऱ्याच जणी गात होत्या. त्यांच्या बापांनी त्यांना गप्प बसवलं नसावं.

मी तिचंच गाणं घेतलं. पहिल्या कडव्यालाच बायका बोलायच्या थांबल्या, आणि तुम्ही उठून मिक्सरचं बटण दाबलंत. "खलास, नमाजची वेळ झाली." सगळे मुकाट्याने चहाकडे वळले. तुमच्या शब्दावर घड्याळ कोण बघणार? मी बघितलं.

नमाजनंतर तुम्ही स्वतः कराओकेवर तीन गाणी म्हटलीत, तुमच्या लाडक्या हिंदी पार्श्वगायकाच्या आवाजात, त्याच्या हुंदक्यासकट. टाळ्याही घेतल्यात. आणि गाडीत मला म्हणालात, "ती लंडनची, गळा अमेरिकेचा, आणि तू तिची नक्कल. यात तुझं काय आहे?" मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. आई म्हणाली, जाऊ दे. बाबा, तुमच्या गाण्यात तरी तुमचं काय होतं? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात. इथे कार्टंही तुमचंच होतं. मला अजून संताप येतो, भाजी चिरता चिरता येतो.

त्यानंतर मी चारचौघांत गायले नाही. गेल्या महिन्यात इथे पुण्यात ऑफिसच्या कार्यक्रमासाठी पोरी मागे लागल्या, तसंच एखादं इंग्रजी गाणं म्हण म्हणून. मी म्हटलं, "माझ्या वडिलांना आवडत नाही." त्यांनी लगेच विषय सोडला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, हे मी त्यांना सांगितलं नाही.