चौथ्या गाण्यातला म्हातारा

सानोक, १० फेब्रुवारी १९८५

ती. बोग्नाताईस,

इरेकचा स. न. वि. वि. आम्ही दोघे खुशाल आहोत. बाबांचा खोकला थंडीबरोबर जाईल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण थंडीच जायचं नाव घेत नाही.

संत्री मिळाली, गोड होती. सोबत 'काळे हातमोजे'चा नवा अल्बम मात्र पाठवायला नको होतास. गायक हल्ली कुजबुजतो. आधी ओरडायचा, तेव्हा निदान आपल्याला जागं तरी ठेवायचा. सगळी गाणी पावसावर आहेत आणि गाणाऱ्याकडे छत्री असावी असं दर ओळीला वाटतं. मागच्या महिन्यात रेडिओवरून उतरवून घेतलेला 'निकेल'चा अल्बम त्याहून वाईट. निवेदक बिचारा रिवाजाप्रमाणे दोन बाजूंच्या मध्ये गप्प बसला, की आम्हाला कॅसेट उलटता यावी. त्या संपूर्ण कार्यक्रमात ऐकण्यासारखी तेवढीच जागा होती. कारखान्यात माझ्या शेजारी बसची आसनं शिवणारा यारेमा म्हणतो की मला काहीच आवडत नाही. हे खोटं आहे. मला फार थोडं आवडतं, आणि ते मी नीट जपून ठेवलंय.

आता तुझी गोष्ट. ईस्टरला तू चेझारीला घेऊन येणार आणि लग्नाचं विचारणार, हे मी बाबांना जेवण झाल्यावर सांगितलं, कारण उपाशीपोटी ते कोणालाच होकार देत नाहीत. मुलगा करतो काय, म्हणाले. गिटार वाजवतो म्हटल्यावर त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. म्हणाले, सुतार असता तर एक खुर्ची मागवून बसून पाहिलं असतं, याचं मी काय पाहू? मग स्वतःच म्हणाले की त्याचा अल्बम निघालाय ना, तो येऊ दे; इरेकला त्यातलं कळतं, इरेक म्हणेल तसं.

ताई, मला ही जबाबदारी नको होती. पण आली आहे तर मी ती चोख पार पाडेन. तबकडी लवकर पाठव.

लोभ आहेच, तो टिकावा म्हणून अल्बम चांगला असू दे.

तुझा,
इरेक

*

व्रोत्सवाफ, १७ फेब्रुवारी १९८५

चि. इरेक यास,

अनेक आशीर्वाद, आणि परीक्षक महाशयांना वेगळा मुजरा.

दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये तबकडी ठेवून पाठवते आहे. ही माझी स्वतःची आहे. दुकानात आलेल्या पहिल्याच दिवशी संपल्या, आणि पुन्हा कधी येतील ते कंपनीलाही ठाऊक नाही. तेव्हा बोटं पुसून हात लाव. हे तुला सांगणं म्हणजे मांजराला अंग चाटायला शिकवणं, पण तरी.

चेझारी तुझ्या निकालाला खरंच घाबरलाय. मी त्याला म्हटलं, माझा भाऊ कारखान्यात आसनं शिवतो, तो काही न्यायाधीश नाही. तर म्हणाला की न्यायाधीश बरे, त्यांना घाई असते. त्याला वाटतं बाबांनी त्याला एकदा तरी दारात उभं करावं. मलाही वाटतं. दातांच्या दवाखान्यात मी दिवसभर लोकांना घाबरू नका म्हणून सांगते, आणि घरी येऊन स्वतः पोस्टमनची वाट बघते.

तबकडीत बाबांसाठी एक गोष्ट ठेवली आहे. काय ते सांगणार नाही. तुला कान आहेत ना, शोध.

बाबांना मोहरीचा लेप लाव. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुझी ताई,
बोग्ना

*

सानोक, २६ फेब्रुवारी १९८५

ती. बोग्नाताईस,

स. न. वि. वि. हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदाही तेच लिहिलं गेलं, म्हणून पाठवतो. खोटं लिहिलं तर तू ओळखशील, आणि बाबांशी मी खोटं बोलू शकत नाही.

पाकीट आधी वाचलं. मागच्या मजकुरात दोन चुका आहेत, ढोलवाल्याच्या आडनावातलं एक अक्षर गळलंय. ज्यांना आपल्या ढोलवाल्याचं नाव लिहिता येत नाही, त्यांच्याकडून मी फार आशा ठेवली नव्हती. एवढ्या मोठ्या तबकडीवर गाणी सहाच. बाकीची कुठे गेली?

ऐकल्यावर कळलं, की सहाच आहेत हे उपकार आहेत. 'गारठलेल्या काचा' हे नाव मात्र बरोबर ठेवलंय. पहिलं गाणं जिन्यावरून कपाट चढवावं तसं चालतं: एक पायरी, मग विश्रांती, मग सल्लामसलत. ढोलवाला दोन ठोक्यांच्या मध्ये बहुतेक घरी जाऊन येतो. हल्ली उदास आणि संथ वाजवायची फॅशन आहे हे मला माहीत आहे, पण उदास माणूससुद्धा कधीतरी पाऊल उचलतो. चेझारी गातो की भूल दिलेल्या जबड्याने बोलतो, हे तुमच्या दवाखान्यातच विचारून घे. दुसऱ्या गाण्यात 'चांदण्याची बस चुकली' अशी ओळ आहे. बसविषयी मला थोडं कळतं. चांदण्याची बस नसते. तिसऱ्यात गिटार अशी रेंगाळते, की मी उठून सुई अडकली का ते पाहिलं.

चौथ्याला तर कोणा म्हाताऱ्याला गायला बसवलंय. नाव दिलेलं नाही, 'पाहुणा आवाज' एवढंच. बरं केलं, बिचाऱ्याची नातवंडं असतील. गोठ्यातून हंबरल्यासारखा तो गातो. बाबा तेव्हा बुटांना मेण लावत होते. ते थांबले आणि म्हणाले, हे पुन्हा लाव. मी लावलं. म्हणाले की हा माणूस ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी जरा थबकतो आणि मग तो शब्द वर उचलून ठेवतो. पुढे म्हणाले, तुझे आजोबा हिपोलित, तुझ्या आईचे वडील, असेच गायचे. मी म्हटलं की आजोबा निदान सुरात होते. बाबा बूट तसाच हातात धरून बसले.

तू म्हणालीस ती बाबांसाठीची गोष्ट मला सापडली नाही. पुन्हा पुन्हा ऐकून शोधली. एवढ्या वेळा हा अल्बम तो करणाऱ्यांनीही ऐकला नसेल.

मग बाबांनी सरळ विचारलं, मुलगा आपल्या कामात चांगला आहे का? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, तर मग ईस्टरला बोग्नाने एकटीने यावं. जो आपलं काम असं झोपेत करतो, तो संसार काय जागेपणी करणार?

माझ्यावर रागव, पण ये. ईस्टरच्या जेवणासाठी मी तिखटमुळा किसून ठेवीन. प्रेमात उणं येऊ नये ही विनंती.

तुझा दुर्दैवी भाऊ,
इरेक

*

व्रोत्सवाफ, ६ मार्च १९८५

इरेक,

आशीर्वाद आज देत नाही, शिल्लक नाहीत.

तुझं पत्र मी पहिल्या पानाच्या शेवटापर्यंत वाचलं. जबड्यापर्यंत. तेवढं पुरे झालं, मग थेट शेवटचा निकाल पाहिला. एक माणूस दिवसा शाळेत भूगोल शिकवून संध्याकाळी तळघरात गाणी बसवतो, दोन वर्षं पोटाला चिमटा घेऊन अल्बम करतो, आणि तू घरात बसल्या बसल्या त्याचा निकाल लावतोस. तू तांत्रिक शाळा सोडलीस तेव्हा बाबांच्या समोर उभी राहून तुझी बाजू कोणी घेतली होती, ते आठव. मी एकटी येणार नाही. बाबांना सांग, टेबलावर दोघांपुरतंच मांडा. तुम्ही दोघे आणि तुमची पारख.

बोग्ना

ता. क. – ७ मार्च. वरचं पत्र टाकायचं राहिलं, बरं झालं. काल चेझारीने तुझं पत्र मागितलं. मी देत नव्हते, त्याने खुर्चीवरून उचललं आणि बँडच्या सगळ्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवलं. कपाट जिन्यावरून चढतं तिथे ढोलवाला इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. चांदण्याच्या बसविषयी सगळ्यांचं तुझ्याशी एकमत झालं, ती ओळ चेझारीची आहे. मग चौथं गाणं आलं आणि चेझारी वाचता वाचता थांबला. म्हणाला, कोणता म्हातारा?

इरेक, त्या तबकडीवर म्हातारा नाही.

मग त्याने मला विचारलं, तुझा भाऊ मोठ्या तबकड्या कोणत्या वेगावर लावतो? मी म्हटलं, त्याने वेगाच्या खटक्यावर चिकटपट्टी मारून ठेवली आहे, मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर, कोणी हात लावू नये म्हणून. छोट्या तबकड्या तो घरात येऊ देत नाही, त्या हलक्या लोकांसाठी असतात असं म्हणतो. तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

ही तबकडी मोठी आहे, पण पंचेचाळिसाची आहे; तेहतिसावर लावली की गाणं रेंगाळतं आणि आवाज जाड होतो. आवाज खणखणीत यावा म्हणून यांनी हट्टाने तशी कापून घेतली, म्हणून तर सहाच गाणी. मधल्या गोल कागदावर आकडा छापलाय. तू पाकिटावरची गळलेली अक्षरं मोजलीस आणि तबकडीवरचा आकडा पाहिला नाहीस. परीक्षक महाशय, तुम्ही धन्य आहात.

चिकटपट्टी काढ. बाबांना समोर बसव. चौथं गाणं लाव आणि कृपा करून तोंड उघडू नकोस.

तुझी (अजून थोडीशी) ताई

*

सानोक, १४ मार्च १९८५

ती. बोग्नाताईस,

स. न. वि. वि. चिकटपट्टी निघता निघेना. मी ती दोन थरांत लावली होती. शेवटी बटाटे सोलायच्या सुरीने खरवडली, खटक्यावर ओरखडा राहिला आहे. राहू दे.

बाबांना मी फक्त एवढंच सांगितलं की यंत्राचा वेग चुकला होता, पुन्हा ऐकायचंय. ते म्हणाले, एकदा ऐकलं तेवढं बस आहे. मी हट्ट धरला. ते कुरकुरत खिडकीपाशी स्टुलावर बसले.

पहिली ओळ सुरू झाली आणि मी यंत्राकडे बघतच राहिलो. तो तुझा आवाज होता. मग ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी तू थबकलीस, आणि तो माझ्या ओळखीचा तुझा आवाज राहिला नाही. दोरीवर चादरी वाळत घालताना आई गायची तसा झाला. ताई, तू असं गातेस हे मला माहीत नव्हतं. तुला तरी माहीत आहे का?

आपल्या घरात आईचे फोटो आहेत, कोट आहे, आवाज कुठेच नाही. रेडिओवरचा प्रत्येक कुजबुजणारा शहाणा मी कॅसेटवर उतरवून, नाव लिहून, कपाटात लावला. ती स्वयंपाकघरात गात असायची आणि मी दार लावून घ्यायचो, टेपमध्ये मध्येच तिचा आवाज येऊ नये म्हणून.

गाणं संपलं. बाबा उठले नाहीत. मी वळून पाहिलं नाही, तू तोंड उघडू नकोस म्हणाली होतीस. पुढची दोन गाणीही वाजून संपली, सुई मधल्या कोऱ्या जागेत फिरत राहिली. मग बाबा मागून म्हणाले की मला कागद आणि पेन दे, तुझ्या हातून यापुढे निरोप जाणार नाहीत.

ते सध्या स्वतः लिहीत आहेत, शब्दांचं स्पेलिंगसुद्धा मला विचारत नाहीत.

चेझारीची मी मनापासून माफी मागतो. पहिलं आणि तिसरं गाणं चांगलं आहे. ढोलवाल्याला सांग की तो घरी जात नाही. पण दुसरं गाणं पंचेचाळिसावरही भिकार आहे. तेच गाणं लवकर संपतं, एवढाच फरक. हे मी लपवलं तर माझ्या माफीला काही किंमत राहणार नाही.

माया कमी झाली असेल तर ती पुन्हा मिळवायला मी तयार आहे.

तुझा,
इरेक

*

सानोक, १५ मार्च

चि. बोग्ना,

आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही, थोडक्यात लिहितो.

खोकला बरा आहे. ईस्टरला दोघे या. मुलाला सांग, मी गिटारचं काही विचारणार नाही. ज्याने तुला गायला बसवलं त्याला मी दारात उभं करणार नाही, आत बसवीन. इरेक जेवताना गप्प बसेल, मी बघतो.

यंत्राच्या खटक्याला आता कोणी पट्टी लावायची नाही, असं मी घरात सांगून ठेवलंय. इरेक म्हणतो की तबकडी हळू लावणं चूक आहे. असेल. मी संध्याकाळी दोन्ही वेगांवर लावतो. हळू लावली की तुझे आजोबा गातात. नीट लावली की तुझी आई.

येताना आणखी एक तबकडी मिळाली तर बघ. ही झिजेल.

तुझे बाबा