नंबर मी बदलला, बाबा

प्रिय बाबा,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. आईने सकाळीच वड्यांची डाळ निवडून ठेवली. मोठे काका आणि मामा पहिल्या बसने येतील. जेवायला बसले की कुणीतरी म्हणणारच, माणूस सोन्यासारखा, पण पोरीच्या कॉलेजात मात्र फसला. तेरवीला म्हणाले, दिवाळीतही म्हणाले. दरवेळी मी मान खाली घालून भात वाढत राहिले. पण काल जे कळलं, त्यानंतर मला ते ऐकवणार नाही. म्हणून लिहायला बसले.

बारावीला मला छप्पन्न टक्के पडले. सीईटीचं तर बोलायलाच नको. पण तुम्ही मार्क कुणापासून लपवले नाहीत. कुणी विचारलं की "मधले आहेत" म्हणायचे, बाजारात धानाची प्रत सांगावी तसे! मला किती राग यायचा. मधल्या मार्कांच्या पोरीला इंजिनीअर व्हायचं तर कॉलेज पारखूनच घ्यावं लागेल, असं तुमचं म्हणणं होतं. टॉपरला काय, तो कुठेही शिकतो.

मग तुम्ही कॉलेजं पाहायला निघालात, सोयरीक पाहायला जावं तसे. आधी फाटकाबाहेरचा चहावाला, मग वॉचमन, आणि ऑफिस सगळ्यात शेवटी. पोहे खाणाऱ्या पोरांना विचारायचे, मास्तर रोज येतात का, मागच्या वर्षी किती जण नापास झाले. मी लाजेने दहा पावलं लांब उभी राहायची. एवढी कॉलेजं पाहिली, पण एकाही ठिकाणी मी तुमच्या शेजारी उभी राहिले नाही. हे आता सलतं.

त्यातली दोन तुम्हाला आठवत असतील. एकाला काचेचं दार होतं, आत थंडगार एसी, आणि एका मॅडमनी मला रंगीत फाइल देऊन 'फ्युचर इंजिनीअर' म्हटलं. मी तिथेच विरघळले. तुम्ही मात्र वर्कशॉप दाखवा म्हणून हटून बसलात. लेथ मशीनवर कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक तसंच होतं. तुम्ही त्याचा कोपरा उचललात आणि परत सोडलात.

दुसरं होतं पिवळ्या इमारतीचं, जुनं. प्यायला माठातलं पाणी. वर्कशॉपचे सर तेलकट अॅप्रनमध्येच बाहेर आले. तिथल्या लेथची मूठ पोरांच्या हातांनी घासून लखलखीत झाली होती. बाहेर पडल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "चालता नांगर गंजत नाई, बेटा. हेच एक नंबरवर टाक."

मी हो म्हटलं.

तिरोड्याच्या नेट कॅफेत फॉर्म भरताना तुम्ही माझ्या मागेच उभे होतात. दाखल्याची झेरॉक्स आणायला मीच तुम्हाला बाहेर पाठवलं, आणि तेवढ्यात पसंतीचे नंबर फिरवले. काचेचं वर, तुमचं खाली. वाटलं, माझ्या मार्कांवर ते लागणारच नाही, आणि पुढच्या फेरीत बदलता येईल. ज्या कॉलेजला कुणी विचारत नाही ते मागणाऱ्याला लगेच मिळतं, हे मला कुठे ठाऊक होतं! पहिल्याच फेरीत लागलं. आणि पहिल्या पसंतीचं लागलं की तेच घ्यावं लागतं, हा नियम मी तेव्हा वाचला.

मग तुमच्याशी खोटं बोलले. म्हटलं, तुमचं एक नंबरवरच होतं, पण माझे मार्क कमी पडले, म्हणून दुसरं लागलं. तुम्ही रागावला नाहीत. उलट मलाच चहा करून दिलात.

त्यानंतर आठेक दिवसांनी, धानाची रोवणी सुरू होती तेव्हा, मोठे काका संध्याकाळी ओसरीवर बसले होते. तुम्ही त्याच दिवशी खतासाठी तिरोड्याला जाऊन आला होतात. त्यांनी विचारलं, "काऊन रे, इतके कॉलेज पायले, अन् हेच कायले घेतलं?" मी आत भाजी चिरत होते. माझा हात विळीवरच थांबला. तुम्ही म्हणालात, "मीच सांगतलो. मले पसंत आलं."

खरं सांगू? मला हायसं वाटलं. वाटलं, पोरीचे मार्क कमी पडले हे भावाला सांगायला तुम्हाला लाज वाटली असेल. चार दिवसांनी तुम्ही बांधावर बसलात ते उठलाच नाहीत. गोंदियाच्या दवाखान्यापर्यंत तुमचे पाय माझ्या मांडीवर होते, धानाच्या बांदीतल्या चिखलासकट. तो ड्रेस मी अजून धुतला नाही.

आमच्या कॉलेजात लेथवरचं प्लॅस्टिक वर्षभर निघालं नाही. प्रयोगांची रीडिंग आम्ही मागच्या वर्षीच्या पोरांच्या जर्नलमधून उतरवली. दिवाळीनंतर निम्मे सर आलेच नाहीत. घरी आले की आई म्हणायची, तुझ्या बाबाला कसं कळलं नाही गं? मी भांडी घासायला उठायची.

तरी सगळे विषय काढले. दुसऱ्या वर्षाला बदलून येता येईल का, हे विचारायला काल त्या पिवळ्या कॉलेजात गेले. ऑफिसातल्या सरांनी गावाचं नाव विचारलं. म्हणाले, मागच्या वर्षी तिकडचे एक गृहस्थ आले होते, पिशवीत तांदूळ घेऊन. कागदावर मुलीच्या अर्जाचा नंबर होता. माझ्या पोरीला किती मार्क कमी पडले, म्हणून विचारत होते.

बाबा, ते तुम्ही होतात. खत आणायला तिरोड्याला जातो म्हणून गेलात, तोच दिवस. सरांनी यादी काढून दाखवली. मार्क कमी पडलेच नव्हते. वर टाकलं असतं तर सहज लागलं असतं. सर म्हणाले, तुम्ही बराच वेळ स्टुलावर बसून राहिलात. मग विचारलंत, पुढच्या वर्षी येता येते का. आणि जाताना म्हणालात, "पोरगी कधी आली त मी आलतो म्हणून सांगू नका."

तुम्ही वारल्याचं मी सांगितलं तेव्हा सर पुढचं बोलले, एरवी बोलले नसते. म्हणजे त्याच संध्याकाळी, ओसरीवर, तुम्हाला सगळं माहीत होतं!

मग मला का नाही विचारलंत? एक थोबाडीत तरी द्यायची. "खोटं काऊन बोललीस?" एवढं म्हणाला असता तर मी पायांवर पडले असते, तुम्ही माफ केलं असतं, आणि मिटलं असतं. चार दिवस होते तुमच्या हाताशी. मला सांभाळून घ्यायला निघालात आणि माफी मागायची जागाच घेऊन गेलात. हे काही बरं केलं नाहीत, बाबा.

बदलीचा अर्ज टाकला आहे. जागा रिकामी आहे म्हणतात, पण मार्क मधलेच, तेव्हा मिळेल किंवा नाही. त्याचं वचन मी देत नाही.

वचन दुसरं देते. उद्या तुमचा घास ठेवून झाला की कुणी पहिला घास घ्यायच्या आधी मी सांगेन. "बाबानं कॉलेज बरोबर पायलं होतं. नंबर मी बदलवला. अन् मरायच्या आधी हे त्यायले माहीत होतं." मग काका ताटावरून उठले तरी चालेल. आईकडे बघायची हिंमत होणार नाही, पण बोलेन तिच्याकडेच बघून.

तुम्ही असताना जे तुम्हाला सांगायला हवं होतं, ते आता बाकी सगळ्यांना सांगणारी,

तुमची
आचल