पांढरं शुभ्र समुद्रफूल आणि वहीचं नववं पान

आदरणीय दाजींच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. (चरण समोर असते तर आधी त्यांवर तुमच्याच टाकीतलं बादलीभर खारं पाणी ओतलं असतं आणि मग वाकलो असतो. अंतरामुळे वाचलात.) आपली प्रकृती उत्तम असेलच. जो माणूस आपली माशांची टाकी मेहुण्याच्या गळ्यात बांधून चार महिने लेकीकडे नातवाला मांडीवर घेऊन बसतो, त्याच्या प्रकृतीला काय धाड भरली आहे? ताईचा गुडघा, भाची आणि बाळ यांची खुशाली मात्र खरोखर कळवावी. गेले पाच आठवडे मी तुमचा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. मजकूर एवढाच की येत्या रविवारी टेम्पो घेऊन यावं आणि ही टाकी, दोन मासे, पंप, दिवा, मिठाचं पोतं, सगळं घेऊन जावं. त्या शेवटच्या फोनवर तुम्ही मला म्हणालात, "तुला कपड्यातलं कळतं, पाण्यातलं काही कळत नाही." मला! सव्वीस वर्षं लाँड्री चालवणाऱ्या माणसाला! दाजी, मी पाण्यात उभा राहून पोट भरलं आहे. शाळेत विज्ञान शिकवताना तुम्ही पाणी फळ्यावर काढत होतात, तेसुद्धा खडूने.

आता मुळापासून सांगतो, कारण तुम्ही नेहमी शेवटापासून ऐकता. टाकी आमच्या बैठकीत आली तेव्हा तिच्यात दोनच विदूषक मासे होते. मोठी मादी, तिला मी मालकीणबाई म्हणतो, आणि तिच्या मागे मागे शेपूट हलवत फिरणारा छोटा नर, तो भाडेकरू. (मालकीणबाई ताईवर गेली आहे आणि भाडेकरू कोणावर गेला आहे ते मी लिहीत नाही, आपण वडीलधारे आहात.) ताई रोज सकाळी फोन करते. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "दोघं कशी आहेत?" मी म्हटलं, "बरी आहोत, हिला जरा सर्दी आहे." तर म्हणे, "अरे, तुम्ही नाही रे!" तेव्हापासून या घरातली सर्दी बेवारस आहे. पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "अजून कोपऱ्यातच झोपतात का रे, पोरक्यासारखी?" झोपत होती, काचेला अंग लावून. ताईचा त्यांच्यावर जीव आहे हे मला ठाऊक आहे. निवृत्तीनंतर ती त्यांच्याशीच बोलते, कारण ते निदान तिच्याकडे बघतात. तर म्हटलं, ती परत यायच्या आत या जोडीला हक्काचं घर करून देऊ. विदूषक माशांना समुद्रफूल लागतं, दगडाला चिकटून राहणारा तो फुलासारखा प्राणी, त्याच्या पाकळ्यांत ते राहतात, हे तर तुम्हीच जेवताना चार वेळा सांगितलं होतंत. पाचव्यांदा त्याची निवड कशी करायची ते सांगितलं असतंत, तर दातांना काय इजा झाली असती?

दुकानात गेलो. दुकानदार हसरा, म्हणजे लबाड. एका कोपऱ्यात तीन समुद्रफुलं होती, चहाच्या चोथ्याच्या रंगाची, तोंड घट्ट मिटलेली, दगडाला अशी चिकटलेली की दुकानदाराने नखाने सोडवायचा प्रयत्न केला तर ती आणखी आवळली. शिष्टच म्हणायची. आणि मधोमध, निळ्या दिव्याखाली, एक होतं पांढरं शुभ्र. दाजी, पांढरा रंग कशाला म्हणतात हे मला माहीत आहे. लग्नाच्या सदऱ्यांपासून डॉक्टरांच्या कोटापर्यंत माझ्या हातून गेले आहेत, पण असा पांढरा मी पाहिला नव्हता. शिवाय स्वभावाने गरीब. दुकानदाराने हात घातला तर दगड सोडून सरळ हातात आलं. तोंड जरासं उघडं, मला वाटलं आपल्याला बघून हसतंय. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमची नजर पारखी आहे." पिशवीत घालून आणलं. घरी आमच्या साध्या दिव्याखाली पाहिलं तर ते तेवढं झळकत नव्हतं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिवळ्या पडलेल्या सदऱ्यांना नीळ देऊन ज्याने गावभर चकचकीत करून वाटले, त्या मला एका मासेवाल्याने निळा दिवा लावून गंडवलं! माझीच विद्या, माझ्याच डोळ्यात.

तरीही दगडावर बसवलं. बसेल तर शपथ. दुसऱ्या दिवशी ही ओरडली, "अहो, तुमचं फूल कुठे गेलं?" शोधलं, तर काचेवर चढून पंपाच्या दिशेने निघालेलं. समुद्रफुलं चालतात, दाजी! हे कोणत्या इयत्तेत शिकवायचात तुम्ही? एका पायावर, दिवसाला वीतभर, पण चालतात, आणि जाऊन जाऊन जातात कुठे, तर जिथे आपला चिवडा होईल तिथे. पंपाने ओढलं असतं तर सगळं फूल टाकीभर पसरलं असतं आणि त्यात ताईची जोडी गेली असती. मी लाँड्रीतून नाजूक कपडे घालून धुवायची जाळीची पिशवी आणली (नवी, कोरी, किंचाळू नका) आणि पंपाच्या तोंडाला घट्ट बांधली. सांगा आता, पाण्यातलं कोणाला कळतं? पण त्यासाठी कोपरापर्यंत हात घातला आणि मालकीणबाईंनी मला चावा घेतला. बोटभर मासा, मनगटाला चावला! मी ज्यांचं घर बांधतोय तेच मला चावतात, हे फक्त आपल्या नातेवाइकांतच होतं असा माझा समज होता.

आणि त्या घराचं काय झालं? काही नाही. फूल चार दिवस हिंडून एका कपारीत बसलं आणि मासे त्याच्याकडे ढुंकून बघेनात. पाण्यात ओतायच्या मिठाचं माप घ्यायला म्हणून मी एक निळा प्लॅस्टिकचा मग्गा आणला होता (हाही नवा). तो हातातून सुटून तळाला गेला, आणि अर्ध्या तासात मालकीणबाई आत राहायला गेल्या. भाडेकरू दारात उभा. समुद्रफूल सोडून मग्गा! पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच जन्मलेली ही जात, हिने आजीपासून कधी फूल पाहिलेलंच नाही, हे मला तुम्ही नंतर फोनवर सांगितलंत. सगळंच मला नंतर सांगता तुम्ही.

मग तो फोन. तुम्ही सहज विचारलंत, "काय रे, टाकीत नवीन काही घातलं नाहीस ना?" मी अभिमानाने सांगितलं. "कोणत्या रंगाचं?" म्हटलं, "पांढरं. एकदम स्वच्छ." मला वाटलं, आता दाजींना गहिवर येणार. आणि मग तुम्ही ओरडलात, "अरे, ते उपाशी आहे!" त्याच्या अंगात म्हणे तपकिरी शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न करून त्याला भरवतं, ते मेलं की फूल पांढरं पडतं. म्हणजे ते तीन चोथ्याच्या रंगाचे शिष्ट धडधाकट होते आणि मी दुकानभर फिरून नेमका मरणाऱ्याला निवडून आणलं, का, तर ते स्वच्छ दिसत होतं! एवढ्यावर थांबला असतात तरी मी गिळलं असतं. पण तुम्ही म्हणालात, "आत्ताच्या आत्ता काढून कचऱ्यात टाक. मेलं तर एका दुपारीत पाणी नासेल आणि दोघंही जातील. तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवशील?"

हीसुद्धा तुमच्याच बाजूची. "काढा ना ते," म्हणते, "ताईंच्या जोडीला काही झालं तर?" तुमचं दोघांचं बरोबर आहे, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग आहे. मी दोनदा हात घातला. दोन्ही वेळा त्या पांढऱ्या पाकळ्या माझ्या बोटांना चिकटल्या. जोर काही नव्हता, एखाद्या दुखणेकऱ्याने मनगट धरावं तशा. दाजी, सव्वीस वर्षांत मी तीनदा हात मारून पाहिल्याशिवाय एकही कपडा "डाग निघत नाही" म्हणून परत केलेला नाही. आणि हा तर मीच आणलेला. म्हणून फोन बंद. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी टाकीचं पाणी वाटीत घेऊन हुंगतो. ही लांबून विचारते, "काय म्हणतंय?" मी म्हणतो, "समुद्र." मग ती चहा ठेवते. ज्या दिवशी वास येईल त्या दिवशी फूल बाहेर, हे तिला मी कबूल केलं आहे. या धास्तीत माझं वजन उतरलं आणि तुम्ही तिकडे बाळाचे फोटो पाठवताय. तर रविवारी या आणि सुटका करा.

ताईला नमस्कार, भाचीला आशीर्वाद, बाळाला पापा. तुम्हाला वर एक नमस्कार केला आहे, तो पुरवावा.

आपला, ज्याला पाण्यातलं काही कळत नाही असा,
मेहुणा

ता. क. टाकीबरोबर तुम्ही सूचनांची जी जाड वही दिली होतीत, ती "कायम कामाच्या जागी ठेवली आहे" असं मी ताईला सांगितलं होतं. ते खरं आहे. ती इस्त्रीच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली होती. तुमच्या फोननंतर काढून वाचली. नवव्या पानावर लाल शाईत आहे: समुद्रफूल मी आल्याशिवाय आणू नये. दगड सोडत नाही तेच घ्यावं. पांढरं कधीही घेऊ नये. आणि खाली बारीक अक्षरात: तरीही आणलंच असेल, तर एक दिवसाआड कोळंबीचा तांदळाएवढा तुकडा चिमट्याने भरवावा, दिवा हळूहळू वाढवावा, धीर धरावा. "तरीही आणलंच असेल" हे तुम्ही आधीच लिहून ठेवलं होतंत, हे वाचून मला फार अपमान वाटला. पाच आठवडे मी त्या बारीक अक्षराबाहेर एक पाऊल टाकलेलं नाही. पान फाडून टाकीवर चिकटवलं आहे.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच हिने हाक मारली, "अहो, हे मळलंय बघा." पाकळ्यांच्या बुडाशी तपकिरी रंग आला आहे. पुसून पाहायला गेलो, तर पायाने दगड असा आवळला की सुटेना. सव्वीस वर्षांत डाग पडलेला बघून मी पहिल्यांदाच बायकोला मिठी मारली. ती अजून त्यातून सावरलेली नाही.

ता. क. ३. भाडेकरू आत्ता फुलात जाऊन बसला आहे. एकटाच. मालकीणबाई मग्ग्यातून डोकं बाहेर काढून बघत आहेत, पण बघत आहेत. तेव्हा रविवारचं रद्द समजा. बाळ लहान आहे, ताईचा गुडघा आहे, आणखी महिनाभर तिकडेच राहा. रंग टोकापर्यंत चढला की मी स्वतः फोन करीन. तोवर ताईला काही बोलू नका, आणि उद्यापासून मी फोन उचलीन, पण "बघ, सांगितलं होतं" एवढं सोडून काय ते बोला.