शंभर टक्के हजेरीचा खुलासा

मौजे येणकीवाडी, ता. उदगीर
२ ऑगस्ट

आदरणीय लिंबाजीमामा यांस,

पंचशीलाचा तुम्हा उभयतांना सविनय जय भीम. तुमचा गुडघा आता कसा आहे? नवा जिल्हा झाल्यापासून कलेक्टर कचेरीत तुमचं टेबल तिसऱ्या मजल्यावर गेलं असं आईनं मुखेडहून कळवलं. (म्हणजे गुडघ्याची तकलीफ सरकारी कामातूनच लागली, रजा मागायला लाजू नका.) धुरपतामामींचा खोकला थांबला असेल अशी आशा करते. मी इथं मजेत आहे. अंगावर एक कारणे दाखवा नोटीस आहे, बाकी तब्येत ठणठणीत.

नोटीस अशी आहे की, पाण्याचा टँकर सोमवारपासून शाळेतून हलवून परत चावडीपुढं उभा करावा, आणि शाळेची हजेरी शंभर टक्के कशी काय, याचा मुख्याध्यापिकेनं सात दिवसांत खुलासा द्यावा. टँकर गेला की माझ्या एकेचाळीस पोरी पण जातात मामा, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पटावर पोरी होत्या चोवीस, अन् वर्गात यायच्या पाच. पावसाचा पत्ता नाही, आड कोरडे, आणि चावडीपुढं टँकर कधी येईल ते त्या टँकरलाच ठाऊक नसायचं. सकाळी दहाला येईल, न्हाई तर दुपारी तीनला. मग हंड्याजवळ बसायचं कोणी? पोरगी. माय कामावर, बाप कामावर, भाऊ शाळेत, पोरगी हंड्याजवळ. त्यातच वरून परिपत्रक आलं की मुलींची हजेरी वाढवण्यासाठी प्रभातफेरी काढावी. काढली की! घोषणा देत, ताशा वाजवत फेरी चावडीपुढून गेली, तर माझ्या एकोणीस पोरी तिथंच हंड्याजवळ बसलेल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं तर मला हात केला. मग दुसरं परिपत्रक आलं की हजेरीवाढीचा तक्ता भिंतीवर लावावा, बाण तांबड्या रंगात असावा. तोही लावला. बाण वर गेला, पोरी चावडीतच. माझं डोकं असं सणकलं की मी तो तक्ता उलटा करून त्याच्या पाठीवर पाढे लिहिले. (हे तुमच्यापुरतं ठेवा.)

आता टँकरचे ड्रायव्हर मडिवाळप्पा. माणूस पलीकडचा, कर्नाटकातला, रागावला की कानडीत बोलतो आणि चावडीपुढं रोजच रागवायचा, कारण टँकर थांबला की सगळं गाव त्याच्यावर तुटून पडायचं. एका महिन्यात त्यांचे तीन सदरे फाटले. मी म्हणाले, मडिवाळप्पा, माझ्या मैदानात या, तुमच्या सदऱ्याला कोणी बोट लावणार नाही, ही माझी जबाबदारी. ते ‘आयतु, आयतु’ म्हणाले, म्हणजे ठरलं. दुसऱ्या दिवशी मी चुन्यानं मैदानावर आकडे काढले. ज्याचा हजेरीत जो नंबर, त्या नंबरावर त्याच्या घरचा हंडा. हजेरीला ‘हजर’ म्हणलं तर हंडा जागेवर, न्हाई म्हणलं तर हंडा पार शेवटी. हंड्यानं मैदानात बसावं, पोरीनं वर्गात बसावं. बस्स, एवढीच माझी योजना. तिला परिपत्रक नव्हतं, म्हणून चालली असावी.

तिसऱ्या दिवशी चोवीसच्या चोवीस पोरी हजर! आठवडाभरात सतरा नवी नावं दाखल झाली, नऊ-नऊ, दहा-दहा वर्षांच्या पोरी, ज्यांनी पाटी कधी हातात धरलेली नाही. अन् मग भांडणं सुरू झाली, कारण सगळ्यांनाच एक नंबर पाहिजे. मी एका दिवशी पुढून, दुसऱ्या दिवशी मागून पाणी सोडायला लागले, तेव्हा मधले बेजार. त्यांचं म्हणणं, आम्ही रोजच मध्ये, आमच्यावर अन्याय. (गाव चालवणं सोपं नाही मामा, मी त्या दिवसापासून सरपंचाला नावं ठेवणं बंद केलं.) त्यात कोंडाबाई आली. वय साठीच्या पुढं, घरात पोरगं ना पोरगी. म्हणे, मग माझ्या हंड्याला नंबर कुठला? माझंच नाव घाल. मी हसले, ती न्हाई हसली. पहिलीत येऊन भिंतीला टेकून बसली ती अजून उठली नाही. पटावर नाव नाही, तरी हजेरीला अशी ओरडून ‘हाय!’ म्हणती की छपरावरचे पारवे उडतात.

एक गोष्ट मात्र थट्टेत सांगवत नाही. चावडीपुढं आपल्या लोकांच्या गल्लीचे हंडे नेहमी शेवटी भरायचे, टँकरच्या बुडाचा गाळ राहिला की मग. कोणी नियम केला नव्हता, पण चालूच होतं. आता सात नंबरला पाटलाच्या घरचा हंडा आणि आठला आपल्या गल्लीतल्या पंचफुलाचा, एकमेकाला टेकून. पहिल्या दिवशी पाटलीणबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग नववा नंबर पुढं सरकला तशी त्यांना आपला हंडा संभाळायचं पडलं. मामा, मला लई बरं वाटलं. वर्गात जाऊन फळ्याकडं तोंड करून रडले, पोरींना वाटलं खडू डोळ्यात गेला.

अशा सुखात विस्तार अधिकारी दत्तोपंत तपासणीला आले. मागच्या वर्षी हजेरी कमी म्हणून त्यांनीच मला नोटीस दिली होती. यंदा म्हणाले, तालुक्यात दुष्काळानं शाळा निम्म्या रिकाम्या, तुमचीच भरलेली, म्हणजे हजेरी बोगस. मी म्हणाले, साहेब, मोजा. त्यांनी मोजलं. तर पटापेक्षा एक डोकं जास्त निघालं, कोंडाबाईचं. त्यांनी तिला दोनचा पाढा विचारला. तिनं बे साते चौदापर्यंत धडाधड म्हटला आणि पुढं म्हणाली, बाकीचा उद्या, आज टँकर आला. साहेब तहानलेले, पेला घेऊन टँकरपाशी गेले, तर मागून हिचा आवाज: ‘नंबर काय हाय तुजा?’ नोटीस मला वाटतं तिथंच लिहून झाली.

खुलासा मी तीनदा लिहिला. पहिला रागाचा झाला, दुसरा खरा झाला, तिसरा सरकारी झाला, तो सोबत जोडला आहे. वाचून चुका काढा. लहानांना पापा, मोठ्यांना जय भीम.

तुमची भाची,
पंचशीला

ता. क. चुका नाही काढल्या तरी चालेल. टँकर थांबण्याच्या ठिकाणांची यादी तुमच्या शेजारच्या टेबलावर असते असं कळतं. त्यात येणकीवाडीपुढं ‘चावडी’ आहे तिथं ‘शाळा’ करून साहेबांची रीतसर सही घ्यायची आहे, सोमवारच्या आत. सहीसाठी तीन मजले चढून-उतरून गुडघा दुखेल, पण मामा, एवढं कराच.

ता. क. दुसरा. सोबतची कारळाची चटणी कोंडाबाईनं दिली आहे. ही लाच नव्हे. ती पहिलीत आहे, तिला अजून काही कळत नाही.

ता. क. शेवटचा. काल पश्चिमेला काळे ढग आले. सगळं गाव महादेवापुढं हात जोडून बसलं. मी देव मानत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण मीही दारात उभी राहून आभाळाकडं बघत होते. पाऊस आला की टँकर बंद, टँकर बंद की पोरी खुरपायला. सतरा जणींचं ‘ग म भ न’ झालं, काना झाला, वेलांट्या चालू आहेत. मनातल्या मनात मी ढगाला म्हणाले, अजून पंधरा दिवस थांब रे बाबा. आणि मामा, ढग खरंच पांगले. रात्रभर झोप आली नाही मला. मामींना हे सांगू नका, त्यांच्या माहेरी तूर वाळून राहिली.